अपघात न झालेली फियाट

ही घटना रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती यशश्री आजही ग्वाल्हेरला थाटीपुरात राहते, मुरारच्या शाळेत गणित शिकवते. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

नव्हता… १२ जानेवारी २०२५ पर्यंत.

तो रविवार होता. आणि ती रात्र नव्हती, हे आधीच सांगायला हवं. सकाळचे आठ वाजले होते. पण धुकं असं की फाटकातून समोरचं घरही दिसत नव्हतं.

त्या सकाळी गाडीची किंमत ठरायची होती.

गाडी म्हणजे १९६० सालची फियाट. जुने लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. पुढची दारं उलटी उघडणारी, पुढची सीट सलग, बाकासारखी. यशश्रीच्या वडिलांनी, दिनकररावांनी, ती तरुणपणी, जुनीच घेतली होती. पण १९९१ पासून ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. का, असं विचारलं की ते म्हणायचे, "पार्ट मिळत नाहीत."

२०१८ ला ते निवृत्त झाले. एके दिवशी अचानक म्हणाले, "यशू, चल. गाडी पुन्हा चालती करू."

पुढची पाच वर्षं प्रत्येक रविवार बापलेकीनं त्या शेडमध्ये काढला. यशश्री इंजिन खोलायला शिकली. पॉलिश पेपर घासून घासून तिच्या बोटांची सालटी निघाली. बंपरचं क्रोम आग्र्याहून करून आणलं, सीटचं रेक्झिन कानपूरहून. रंग पिस्ता, अगदी मूळचा. रविवारी बघायला येणारी दोन स्थळं तिनं गाडीपायी परत पाठवली.

तिला त्याचं काही वाटलं नाही. बाबांनी दुसऱ्या कुणाला नाही, आपल्याला जवळ बसवलं, यातच तिला सगळं मिळालं होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिनकरराव गेले. वर्षश्राद्ध झालं, आणि त्याच संध्याकाळी आई, सुधाताई, म्हणाली, "ती गाडी काढून टाक. मला ती दारात नको."

यशश्रीला वाईट वाटलं. पण आईचे गुडघे गेलेले, रोजच्या वापराला एक साधी गाडी हवी होतीच. तिनं जाहिरात टाकली. 'फियाट, १९६०. इंजिन मूळचं. एकही अपघात नाही.'

शेवटची ओळ बाबांची होती. "हिला कधी ओरखडासुद्धा आलेला नाही," असं ते नेहमी सांगायचे.

दौलतसिंह जुन्या गाड्यांचा व्यापारी. आग्र्याहून आला होता. त्याच्याकडे एक वर्ष वापरलेली, गिअर न टाकता चालणारी छोटी गाडी होती. ती आणि वर दोन लाख द्यायचे, फियाट न्यायची, असं फोनवर बोलणं झालं होतं.

त्यानं इंजिनचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. मान डोलावली. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक काढलं.

"जहाँ पत्रा है, वहाँ चिपकेगा," तो म्हणाला.

बॉनेटला चिकटलं. छताला चिकटलं. उजव्या दाराला चिकटलं.

पुढच्या डाव्या दाराला लावलं…

टप्.

खाली पडलं.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"मैडम, इथे तो पुट्टी है. बोटभर मोटी." त्याचा आवाज बदलला. "दार आत दबलेलं होतं. जबरदस्त टक्कर हुई है."

"शक्यच नाही. ही गाडी मी स्वतः…"

ती बोलता बोलता थांबली. हे दार तिनं केलंच नव्हतं. ती आठ दिवस शाळेच्या प्रशिक्षणाला भोपाळला गेली होती. परत आली तेव्हा डावं दार तयार होतं. रंगासकट. बाबा म्हणाले होते, "वेळ होता, उरकून टाकलं."

"बेटा, भाव कमी-जास्त होतो," दौलतसिंह म्हणाला, "पर झूठ तो मत लिखो."

यशश्रीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आयुष्यात तिला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं.

आणि तेव्हाच तिला ते दिसलं.

गाडी पहाटेपासून अंगणात उभी होती. सगळी दवानं भिजलेली. काचा, छत, बंपर, सगळ्यावरून पाणी ओघळत होतं.

फक्त डाव्या दाराचा खालचा भाग… कोरडाठाक होता.

एवढाच तुकडा. जमिनीवर बसून कुणी दाराला पाठ टेकावी, तेवढा.

दौलतसिंहनंही पाहिलं. "एक चक्कर मारून बघतो," म्हणत तो उजवीकडून आत बसला. यशश्री डावीकडे बसली.

बसताना तिच्या लक्षात आलं, या जागेवर आपण पहिल्यांदाच बसतोय. बाबा असताना गाडी ती चालवायची. बाबा मागं बसायचे. पुढं, शेजारी, कधीच नाही. आणि आई तर गाडीत कधी बसलीच नव्हती.

रस्ता रिकामा होता. दिवे लावूनही चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. इंजिन सुरेख चालत होतं. दौलतसिंहचा चेहराही सैल झाला होता.

तेवढ्यात…

टक. टक.

डाव्या दारावर. बाहेरून.

"कुछ ढीला है," तो म्हणाला.

टक. टक.

सैल पत्रा असा वाजत नाही. हे हाताचं वाजणं होतं. बोटांच्या मागच्या बाजूनं. आणि काचेवर नाही… खाली. गुडघ्यापाशी.

गाडी चालत होती. तीसच्या वेगानं.

"गाडी थांबवा," यशश्री म्हणाली.

गाडी थांबली. धुक्यात कुणी नव्हतं. पावलं नाहीत, श्वास नाही, कुत्रंसुद्धा नाही.

मग तिच्या दाराचं हँडल सावकाश खाली गेलं…

आणि वर आलं.

पुन्हा खाली गेलं.

दौलतसिंहनं गाडी वळवली. घरी पोचल्यावर इंजिन चालू ठेवूनच तो उतरला.

"वरचे दोन नकोत, एकच लाख दीजिए," यशश्री मागं धावली. "पन्नास हजार. बरं, नुसती अदलाबदलच करा, वरचे पैसे नकोत."

त्यानं हात जोडले. "इस गाड़ी का दाम मत लगाओ, बेटा. आधी घरात विचारा. कुणाला तरी ठाऊक असेल."

ठाऊक होतं.

सुधाताई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. लेकीचा चेहरा पाहून त्यांच्या हातातली जुडी खाली पडली.

"आई, डाव्या दाराला काय झालं होतं?"

"मला काय माहीत? त्यांनाच…"

"आई. दार वाजलं आत्ता. मी आत बसले होते."

सुधाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दोनदाच ना? ती दोनदाच वाजवते."

"एक्क्याण्णवचा जानेवारी," आई सांगू लागली. "दतियाच्या एका लग्नाहून परत येत होतो. रात्र, आणि असंच धुकं. तू तीन वर्षांची. माझ्या मांडीवर. ताप डोक्यात गेला होता तुझ्या, डोळे फिरवले होतेस. हे जीव तोडून गाडी पळवत होते. टेकनपूर ओलांडलं आणि डावीकडं काहीतरी आदळलं. यांनी ब्रेक मारला. मला वाटलं, गाय असेल."

"मग?"

"मग दार वाजलं. खालून. ती सरपटत आली होती. चेहरा नाही दिसला मला, नुसता हात. 'बाई, दरवाजा खोलो,' म्हणत होती. मी हँडलला हात घातला, यशू. देवाशप्पथ घातला. हे म्हणाले, उघडू नकोस. पोलीस येतील, इथंच अडकू, पोर हातची जाईल." आईनं पदर तोंडावर घेतला. "मी आतून कडी लावली. तिनं हँडल दोनदा खाली ओढलं. आम्ही निघालो."

"आणि ती?"

"दुसऱ्या दिवशी हे जाऊन आले. काहीच नव्हतं तिथं. रक्त नाही, चप्पल नाही. पेपरातही काही आलं नाही. कोण होती, जगली की मेली, काही कळलं नाही. यांनी गाडी झाकून टाकली."

यशश्रीनं विचारलं, "मग पुन्हा का काढली?"

"रिटायर झाल्यावर घरी असायचे ना. तेव्हा ऐकू यायला लागलं. शेडमधून. यांना वाटलं, गाडी होती तशी केली की थांबेल."

"आणि मी? मला कशाला घेतलं बरोबर?"

आईनं खाली पडलेली जुडी उचलली.

"आई, मला कशाला घेतलं?"

"तू शेडमध्ये असलीस की ती वाजवायची नाही," सुधाताई हळूच म्हणाल्या. "एकट्यानं आत जायची हिंमत नव्हती त्यांची."

यशश्री सांगते, दाराच्या टकटकीची भीती वाटली तशी भीती नंतर कधी वाटली नाही. पण या एका वाक्यानं जे झालं, ते अजून भरून आलेलं नाही.

पाच वर्षं. अडीचशे रविवार. बाबांनी तिला जवळ बसवलं नव्हतं. ताईत बांधतात तसं बांधलं होतं.

"सगळं तुझ्यासाठीच केलं गं," आई रडत म्हणाली.

"मला विचारलं होतंत?" यशश्री म्हणाली. "तीन वर्षांची होते तेव्हा नाही. पण नंतर? तीस वर्षं होती तुमच्याकडे."

ती उठली. चावी घेतली. आई मागून हाका मारत राहिली.

धुकं अजून विरलं नव्हतं. झाशी रोडनं ती टेकनपूरपर्यंत गेली, तिथून गाडी ग्वाल्हेरकडे वळवली आणि गाव मागं पडल्यावर कडेला थांबवली. नेमकी जागा कुणाला माहीत? अंदाजानंच. मग हात लांब करून तिनं डावं दार उघडलं. सताड.

"बैठिए," ती म्हणाली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. थंडी आत भरत राहिली.

तिला स्वतःचंच हसू येणार होतं. तेवढ्यात…

सीटची स्प्रिंग करकरली.

शेजारचं नवं रेक्झिन हळूहळू खाली गेलं. कुणीतरी बसावं तसं. आणि दार… तिनं हात न लावता… अलगद लागलं.

त्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये तिनं एकदाही डावीकडे पाहिलं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ज्या सरकारी रुग्णालयात तीन वर्षांच्या यशश्रीला त्या रात्री नेलं होतं, तिथंच तिनं गाडी नेली. फाटकाशी थांबवली. खाली उतरून, वळसा घालून डावं दार उघडलं.

"आलं हॉस्पिटल," ती म्हणाली. "उतरिए. चौतीस वर्षं उशीर झाला. माफ करा आम्हाला."

तिला वाटलं, सीट वर येईल. संपेल.

मागून रिक्षावाले हॉर्न देत होते. एक वॉर्डबॉय ओरडला, "मैडम, गाड़ी हटाओ!"

सीट वर आली नाही.

त्या दिवसापासून दार वाजलेलं नाही. जाहिरात तिनं काढून टाकली. तरी कुठून कुठून नंबर मिळवून लोक फोन करतात, कुणी सात लाख म्हणतं, कुणी आठ. ती म्हणते, विकायची नाही. कारण विचारलं तर खरं सांगता येत नाही, आणि खोटं तिला आता सांगायचं नाही.

आईशी ती बोलते, पण औषधाची वेळ झाली, जेवण वाढलंय, एवढंच. दिनकररावांचा फोटो भिंतीवर आहे. हार मात्र आईच बदलते.

गाडी शेडमध्ये आहे. रविवारी यशश्री अजूनही तिथं जाते. ड्रायव्हरच्या जागेवर बसते. "कोण होतात तुम्ही? नाव तरी सांगा," असं विचारते. उत्तर येत नाही. डाव्या बाजूला सीटमध्ये खळगा तसाच असतो.

तसाच… पण त्याच जागी नाही.

हे तिनं आईला सांगितलेलं नाही. ती सलग सीट. खळगा आधी दाराला लागून होता. फेब्रुवारीत तो जरा आत आला. होळीला मध्यावर होता.

परवाच्या रविवारी तिनं पट्टी लावून मोजलं.

तिच्या मांडीपासून… वीतभर.