सातवी बाटली

रविवारी दुपारी ती प्रयोगशाळेत आली ती एवढ्याशा कामासाठी. शुद्ध पाण्याचं एक शेवटचं मापन घेतलं की संध्याकाळी शोधनिबंध पाठवायचा.

तिचा इलेक्ट्रोड नेहमीच्या महागड्या इलेक्ट्रोडसारखा सोन्याचा नव्हता. कार्बनच्या स्वस्त पट्टीवर तिनं लोखंडाच्या गंजाचे, डोळ्यांना न दिसणारे कण बसवले होते. पाण्यातलं शिसं ओळखणारी ही पट्टी घरोघरी पोचावी, हा तिचा ध्यास. झाडलोट करणाऱ्या मावशी हसायच्या, "आमचं लोखंड गंजून वाया जातं, ताई. तुमचं गंजून शहाणं झालं!"

याच मावशींनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आपल्या विहिरीचं पाणी आणलं होतं. सातवा नमुना. सोन्याच्या इलेक्ट्रोडनं त्यात शिसं दाखवलं, तिच्या पट्टीनं काहीच नाही. आधीचे सहा नमुने छान जुळले होते. सातवा तिनं निबंधाच्या तक्त्यातून गाळला. मावशींनी विचारलं तेव्हा नजर न मिळवता म्हणाली, "खुशाल प्या."

चार महिन्यांनी मावशी पोटाच्या दुखण्यानं गेल्या. तिला कुणी काही विचारलं नाही. तेच जास्त बोचत होतं.

तिनं शंभर मिली शुद्ध पाणी काचेच्या पात्रात मोजून घेतलं, पट्टी बुडवली. संगणकाच्या पडद्यावरची रेघ सपाट जायला हवी होती. ती वर चढली... नेमकी शिशाच्या जागी.

तिनं पाणी बदललं, पुन्हा शंभर मिली. कोरी पट्टी लावली. रेघ पुन्हा चढली, आधीपेक्षा उंच. जे तेव्हा दिसायला हवं होतं, ते आता दिसत होतं.

बंद दाराबाहेर ओलं फडकं फरशीवरून सरकल्याचा आवाज आला. फिनेलचा वास आत शिरला.

"ताई... पाणी बरं आहे ना?"

तिनं आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, सातवा नमुना मी गाळला होता. त्यात शिसं होतं."

"आज आठवलं हे?"

"रोज आठवत होतं."

"मग निबंध थांबव," सर म्हणाले.

तिनं तक्त्यात सातवी ओळ लिहिली. मान खाली घालून, हळूहळू. मग पुन्हा मापन लावलं. रेघ सपाट गेली. बाहेरचा आवाजही थांबला होता. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पट्टी काढायला वाकली.

पात्रातलं पाणी साठच्या खुणेवर होतं.

काचेच्या काठावर ओठांचा ओला ठसा उमटला होता.