बाराची पाती

तापीबाईच्या हातात पाना शोभत नाही, असं नंदुरबारातल्या ज्या ज्या माणसानं म्हटलं, त्याची गाडी कधी ना कधी तिच्याच दारात येऊन बंद पडली. नवरा पितांबर गेल्यावर गॅरेज तिनं चालवलं आणि पाटीवर स्वतःचं नाव रंगवलं. तेव्हापासून दीर रूपचंदच्या पोटात दुखत होतं. सन एकसष्टच्या दसऱ्याला गिरधर पाटलाची जुनी विलायती मोटार नंदुरबार ते कोरीटच्या शर्यतीत उतरायची होती. इंजिनचं काम तापीबाईकडे होतं.

"हारनी तं पाटी उतारनी," रूपचंद चार माणसांत म्हणाला. "मंग मुकाट्यानं कोरीटले घरना वावरमा राबाले येनं."

"उतारसू," ती म्हणाली. बाई खमकी, शब्द दिला म्हणजे दिला.

तिनं इंजिनच्या माथ्यावर, पत्र्याच्या झाकणाखाली फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरची आठ टेंगळं वेल्डिंगनं भरून, घासून उंच केली. टेंगूळ उंच, तर व्हॉल्व्ह जास्त उघडणार आणि इंजिनला जोर येणार. भरवेगात व्हॉल्व्ह मिटायला मागं राहू नयेत म्हणून स्प्रिंगा जाड तारेच्या घातल्या. शेवटी नट फिरवून टेंगळं आणि आठही व्हॉल्व्हांमधल्या फटी लावल्या. फटी मोजायच्या पोलादी पात्यांतली बारा नंबरची पाती अलगद सरकेल, एवढीच फट.

खांडेनवमीला सकाळी हत्यारांची पूजा झाली. त्या दिवशी कुणी हत्यार उचलत नाही. तिनं सहज झाकण काढून पाती घालून पाहिली. शिरेना. आठांतल्या एकाही फटीत शिरेना.

कुणीतरी फटींचे नट फिरवले, तिला वाटलं. संशय दिरावरच होता. तिनं पूजेतला पाना उचलून फटी पुन्हा लावल्या आणि प्रत्येक नटावरून खालच्या स्क्रूपर्यंत कुंकवाची रेघ ओढली. नट जरा हलला तरी रेघ तुटणार.

रूपचंद दारात उभा होता. "वहिनी, आज हत्यारले हात लावतस का? आनी विधवा बाईना बोटले कुंकू?"

"बोट मन्हं शे. पानाबी मन्हाच शे."

दुपारी तिनं झाकण काढलं. आठही रेघा अखंड होत्या आणि पाती शिरत नव्हती.

इंजिन थंडगार होतं. तिनं शाफ्ट बाहेर काढून मोजला. टेंगळं बुडापासून शेंड्यापर्यंत जाड झाली होती, सगळी सारखीच. लोखंड एका दुपारात जाड होत नाही. तिनं तीनदा मोजलं. मग ती घाबरली, आणि घाबरल्याचा तिला भयंकर राग आला.

"वाढ," ती शाफ्टला म्हणाली. "कितली वाढशी ते मी देखसू."

शर्यत उद्या दहाला. तोवर तो किती वाढेल याचा अंदाज बांधून तिनं फटी तेवढ्या सैल सोडल्या.

दसऱ्याला इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. गिरधर पाटील कोरीटच्या वेशीत पोचला तेव्हा मागच्या गाडीची धूळसुद्धा दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रूपचंद आला. "पाटी ऱ्हाऊ दे, वहिनी. मी हारनू." बोलता बोलता त्यानं इंजिनच्या पत्र्याच्या झाकणावर हात टेकला.

लगेच काढला.

"बंद शे ना?"

"कालदिनपाईन बंद शे."

"मंग मन्हा हातखाल काय हाली ऱ्हायनं?"

तापीबाईनं पाना घेतला. "सरक. तेले जागा देनी पडी."

रूपचंद सरकला नाही, तो झाकणाकडे पाहत होता. गुळगुळीत पत्र्यावर आतून उंचवटे आले होते. एका ओळीत, आठ.