अस्वल दिसलंच पाहिजे

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय. आणि ही गोष्ट रात्रीची नाही. सुट्टीच्या दिवसांतली, भर दुपारची, माणसांनी फुललेल्या प्राणिसंग्रहालयातली आहे.

मावशी तिथे अस्वलाची देखभाल करायची. एकच अस्वल, म्हातारी मादी. सगळे तिला 'आजीबाई' म्हणायचे. फाटकावरच्या पाटीवर तिचंच चित्र, तिकिटावरही तिचंच.

पिंजऱ्याचे दोन भाग. पुढे लोकांना दिसणारं अंगण, मागे अंधारी खोली. मधे वरखाली सरकणारं लोखंडी दार. सकाळी उपाशी अस्वलाला खाण्याची लालूच दाखवून अंगणात आणायचं, आणि मागे दार पाडून कुलूप ठोकायचं. संध्याकाळपर्यंत आत जायची सोय नाही. तिकीट काढणाऱ्याला अस्वल दिसलंच पाहिजे, हा तिथला धर्म.

शेवटचं वर्षभर आजीबाई आजारी होती. दिवसभर त्या दारावर नखं घासायची.

खर्र... खर्र...

मावशीनं साहेबांचे, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकांचे, फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. "साहेब, तिला आत पडू द्या हो."

"बाई, लोक काय तुमचं तोंड बघायला येतात?"

एका गर्दीच्या दुपारी आजीबाईनं त्या दाराशीच प्राण सोडला. लोकांना वाटलं, झोपली. फाटक बंद होईपर्यंत सगळे फोटो काढत राहिले. हे आठवलं की मावशीच्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. माझीही.

जुन्या जनावराचा वास जावा म्हणून पिंजरा धुऊन काही दिवस रिकामा ठेवायची रीत आहे. पण हंगाम कमाईचा! साहेबांनी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून अदलाबदलीत एक तरुण मादी लगोलग आणवली. नाव तेच, पाटी तीच. अस्वल मेलं हे बाहेर कुणाला कळलंच नाही.

पहिल्याच दुपारी नवी पोर अंगणात बावरून बसली होती. दार बंद. मावशी मागच्या बोळात झाडत होती.

खर्र... खर्र...

आवाज आतून येत होता.

रिकाम्या खोलीतून...

मावशीनं गजांमधून पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त आजारी, ओल्या केसांचा तो ओळखीचा वास...

आणि दार वर जाऊ लागलं. सावकाश. कुलूप तसंच लटकलेलं.

पोर धावत आत शिरली आणि कोपऱ्यात अंग टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी तेच. मग साहेबांनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. दुपारी बघतात तर... दार उघडं! चार गडी त्या दाराला लोंबकळले. ते तसूभरही खाली आलं नाही. बाहेर लोक पैसे परत मागू लागले.

साहेब लालबुंद झाले. "कोण उघडतंय हे?"

मावशीला हात वर करून सुटता आलं असतं. पण ज्या दारापाशी आजीबाई तडफडली, त्या दाराच्या बाबतीत हात झटकायला तिचं मन धजेना.

"मी उघडलं," ती म्हणाली. "उद्याही उघडीन. काय करायचं ते करा."

"अहो, किल्ली माझ्या खिशात आहे!"

"मग खिसा सांभाळा."

तिला कामावरून काढलं तर मेलेल्या अस्वलाचं बिंग फुटेल, ही साहेबांना धास्ती. म्हणून तिची रवानगी झाली तिकीट खिडकीवर. "अस्वल दिसेल ना?" असं कुणी विचारलं की ती ठणकावून सांगते, "तिची मर्जी असेल तर दिसेल. नाहीतर घरी जा."

गेल्या महिन्यात एक गृहस्थ बाहेर पडताना खिडकीशी थांबले. भलतेच खूश. "एका तिकिटात दोन अस्वलं की हो! तरणं आत गाढ झोपलंय. आणि म्हातारं... दारातच आडवं पसरलंय. तुमचा माणूस दार पाडायला आला, तर त्यानं नुसती मान उचलून बघितलं. पळाला बिचारा!"

पिंजऱ्यात अस्वल एकच आहे. आजही.

हे ऐकल्यापासून मी त्या रस्त्यानं जात नाही. लांबचा वळसा परवडला. मावशीला म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?"

ती हसली.

"वर्षभर साहेबांच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुणी दार उघडलं नाही. आता हलवा म्हणावं तिला दारातून."