एकच औषध, दोन नावं

दार वाजलं तेव्हा यास्ना चुलीत लाकूड सारत होती. आंकुदच्या बंदरावर तिरपा पाऊस लागला होता. दारात एक उंच माणूस... नखशिखांत भिजलेला.

"सोतो आजींचं घर हेच ना?"

"पलीकडचं. पण आधी आत या. बुडता बुडता वाचल्यासारखे दिसताय."

"वाचलो कुठे अजून? गरम काही मिळालं तर वाचेन."

यास्नाला हसू फुटलं. तो एलिसेर, घरोघरी जाऊन रुग्णांना बघणारा नर्स. तिने दिलेला माते, तिकडचा कडवट पानांचा चहा, पिता पिता त्याची नजर खुर्चीत पेंगणाऱ्या तिच्या वडिलांकडे, रोसामेलकडे गेली. म्हाताऱ्याचे हात काळेनिळे पडले होते.

"औषधं दाखवता? सगळी."

तिने दोन खोकी आणली. "हे आधीपासूनचं. हे परवा बाबांना इस्पितळातून घरी सोडताना दिलेलं. दोन्ही देते, न चुकता."

"यास्ना... ही एकच गोळी आहे. रक्त पातळ करणारी. कंपन्या दोन, म्हणून नावं दोन."

त्याने लगेच इस्पितळाची गाडी बोलावली. ती यायच्या आतच रोसामेल खुर्चीतून कलंडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, वाचा गेली, उजवा हात गेला.

वडील घरी आले, पण यास्नाला साधी रक्तदाबाची गोळीही उचलवेना. खोकं उघडायची, पुन्हा बंद करायची.

"मीच दिल्या ना त्या... माझ्या हातांनी."

एलिसेरने खोटा धीर दिला नाही. "हो, तू दिल्यास. घरात आधीचं काय आहे, हे तुला कुणी विचारलं नाही. आता पुन्हा तूच देणार. मी उभा आहे. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोड, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाच. मोठ्याने."

ती अडखळत वाचायची. तो तेच नाव पुन्हा म्हणायचा. मगच गोळी वडिलांच्या वाकड्या ओठांशी जायची. कधी ते तोंड फिरवत, आणि यास्ना चुलीकडे वळून रडून घ्यायची.

हिवाळा सरत आला तसं तिचं अडखळणं थांबलं.

"आता एकटीला जमतं मला," एका सकाळी ती म्हणाली.

एलिसेरने पिशवी उचलली. "म्हणजे... उद्यापासून येऊ नको?"

"गोळ्यांसाठी नको," यास्ना खाली बघत म्हणाली.

त्याने पिशवी परत खाली ठेवली.