बेडूकराव मुके झाले

या श्रोतेहो, जवळ सरका, मागे कुणी राहू नका. एका चोरीची गोष्ट सांगतो. चोरी दागिन्यांची नाही, देवाघरी गेलेल्या एका माणसाच्या आवाजाची. चोर कोण ते शेवटी कळेलच. पण कान उघडे ठेवलेत तर त्याचा हात आधी तुम्हीच धराल. धरलात तर जरा हळू धरा.

"आत्या, असशील तशी ये. बेडूकराव बोलत नाहीयेत!"

धाकट्या भाच्याचा फोन. आत्याने पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचे दोघे भाचे आणि थोरल्याची बायको मिळून एक कॉम्प्युटर गेम बनवत होते. जादूचं राज्य, कोडी आणि थट्टामस्करी. चित्रात जिथे क्लिक कराल तिथे काहीतरी घडायचं. शिंकणाऱ्या ढगाला रुमाल द्यायचा, रुसलेल्या कुलपाला अंगाई म्हणायची. शेवटच्या दारावर बसलेला द्वारपाल म्हणजे बेडूकराव. त्याला आवाज दिला होता आप्पांनी, म्हणजे मुलांच्या वडिलांनी, आत्याच्या भावाने. गेम फुकट द्यायचा ही त्यांचीच अट. "हसू विकायचं नसतं रे," म्हणाले होते. आवाज देऊन झाला आणि थोड्याच दिवसांत आप्पा गेले.

आज संध्याकाळी गेम सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. मुलांची आई सकाळपासून विचारत होती, "ह्यांचा आवाज कधी ऐकवणार?"

आणि आवाजच नव्हता. कॉम्प्युटरमधून गेला होता, जपून ठेवलेला पेन ड्राइव्हही गायब होता. बाकी ढगाची शिंक, कुलपाचं हुंदके देणं, सगळं जागच्या जागी.

"म्हणजे चोर घरचाच," आत्या म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "आधी मला खेळू दे."

गेम तपासायचं काम तिचंच. प्रत्येक वस्तूवर, प्रत्येक पात्रावर ती कंटाळा येईपर्यंत क्लिक करायची. आप्पांचा आवाज मात्र परवाच चढवला होता, तो तिने अजून ऐकला नव्हता. तिने बेडूकरावांना टोचायला सुरुवात केली. तोंड हलायचं, खाली अक्षरं उमटायची, आवाज मात्र नाही.

"तोंड कसं हलतंय मग?"

"ते आवाजावरून प्रोग्रामने आधीच बनवून ठेवलंय," थोरल्याची बायको म्हणाली. चित्रं तिची. "जेवढा आवाज, तेवढं तोंड."

"सूनबाई, तूच ना म्हणालीस, हा आवाज माझ्या बेडकाला शोभत नाही?"

"म्हणाले होते. आप्पांच्या तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, मग बेडूक बदल, मी काही आता बदलत नाही." तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "आत्या, मी नाही हो नेला."

आत्या धाकट्याकडे वळली. "रेकॉर्डिंग तुझं?"

"सगळं माझं. त्या भिंतीतल्या मोठ्या कपड्यांच्या कपाटात. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही ना. आप्पांना आरामखुर्चीत बसवायचो, लोकरीच्या कोटाखाली. एकच दिवस मी तापाने पडलो होतो. त्या दिवशी ती खुर्चीही मोडली होती, दुसऱ्याच दिवशी नीट करून आणली. आप्पा म्हणाले, मी माझं एकट्याने उरकलं."

"ती वाक्यं ऐकलीस?"

धाकट्याने मान खाली घातली. "ते गेल्यावर ऐकवेना गं. नावं बघून लावून टाकली."

थोरला कपाटाला पाठ लावून उभा होता. गेमचा सगळा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला.

"काल शेवटची तपासणी कुणी केली?"

"मी. तेव्हा सगळं ठीक होतं," थोरला म्हणाला. "आत्या, किती उकरणार? अक्षरं आहेत ना खाली. लोक वाचतील. आप्पांनी एवढे कष्ट केले, त्या स्टुलावर पाठ दुखेपर्यंत बसले, ते पुरे झालं."

आत्याने माउस जवळ ओढला. पुन्हा क्लिक करत राहिली. अगदी शेवटच्या क्लिकला अक्षरं उमटली, "बरं, पुन्हा म्हणतो." अक्षरं विझली. बेडूकरावांचं तोंड मात्र हलतच राहिलं. मध्ये थांबलं, पुन्हा हललं.

तिने माउस बाजूला ठेवला.

"थोरल्या, कपाटापासून सरक."

"का?"

"आप्पा स्टुलावर बसले ते एकाच दिवशी, खुर्ची मोडली तेव्हा. त्या दिवशी हा तापात. मग स्टूल पाहिलं कुणी? आणि तीन शब्दांना एवढं तोंड कसं हलतं? त्या वाक्यात आणखी कुणीतरी बोललंय. एकच वाक्य काढलं असतं तर ते का काढलं, असं सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून तू सगळाच आवाज नेलास. पण पुसला नाहीस. बापाचा आवाज पुसायला तुझा हात धजला नाही. कोटाच्या खिशात आहे ना?"

थोरला खाली बसला.

"काल तपासताना पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला. "माझाच आवाज. 'आप्पा, एक वाक्य धड येत नाही? जमत नसेल तर सोडा, दुसरा माणूस बघतो.' असं म्हणालो मी त्यांना. आजारी माणसाला. आणि ते बेडकाच्याच आवाजात म्हणाले, बरं, पुन्हा म्हणतो. मी दार आपटून निघून गेलो. आत्या, आईने हे ऐकावं?"

"काल पुढचं ऐकलंस?"

"नाही. बंद केलं."

"तोंड थांबून पुन्हा हलतंय, बाळा."

धाकट्याने कोटाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला. आई दारात येऊन उभी होती, कधी आली कुणास ठाऊक. थोरल्याचं ओरडणं खोलीभर झालं. दार आपटल्याचा आवाज. मग थोडी शांतता, एक खोकला, आणि बेडूकराव सुरात गाऊ लागले:

"पाहुण्यांनो, घाबरू नका, हा आमचा थोरला. रागावतो, पण हे दार त्यानेच बांधलंय. या, आत या."

आईने पदर तोंडाला लावला. थोरला रडला नाही. रडता आलं असतं तर सुटला असता. "आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाला.

"तुझं बोलणं कापू?" धाकट्याने हळूच विचारलं.

"नको. राहू दे. ऐकू दे सगळ्यांना."

संध्याकाळी गेम तसाच खुला झाला.

श्रोतेहो, कधी त्या दाराशी पोचलात तर लगेच आत शिरू नका. बेडूकरावांना टोचत राहा, अगदी शेवटपर्यंत. आप्पा हसवतील, तेव्हा त्यांची आठवण कराच. पण मध्येच एक पोरगा ओरडेल. त्याचीही आठवण ठेवा. आपल्या बोलण्याचं ओझं तो रोज नव्याने उचलतो आहे.