चेहरा दिसला नाही

हसा, हसून घ्या. तो मोबाइलवरचा सिनेमा हसण्यासारखाच आहे. लष्कराचा तळ म्हणे, आणि शिपाई मोजून बारा! तेच बारा जण बराकीला वळसा घालून पुन्हा पुन्हा संचलन करतात, त्यातला लंगडा तर तीनदा जातो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पण मघाशी तुम्ही सगळ्यांत जास्त कुठं हसलात? गोळी लागलेला शिपाई तोंड मिटून पडलाय, एक शब्द बोलत नाही, आणि त्याच्यावर वाकलेला मेजर विचारतो, "चेहरा दिसला नाही म्हणतोस?" तिथं मी हसलो नाही. का, ते सांगतो. नीट बसा, आणि मध्ये बोलू नका.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सिनेमात दुसऱ्यांना आवाज द्यायचे. पडद्यावर ओठ हलायचे एकाचे, बोलायचे दाजी. तीन वर्षांपूर्वी, अठरा नोव्हेंबरला, शुक्रवारी रात्री साडेआठला ते घरातून निघाले. ह्याच, तेव्हा पस्तीस वर्षं जुन्या झालेल्या सिनेमाच्या मूळ रिळांवरचा आवाज जागोजाग खराब झाला होता, त्यातलं एक वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. बहिणीनं गुळण्यांसाठी थर्मासमध्ये मिठाचं कोमट पाणी दिलं आणि येताना न्हाणीघरासाठी बल्ब आणायला सांगितलं.

बोलावणं मेजरचं होतं. हा मेजर लष्करात कधीच नव्हता बरं का. तो सिनेमाचा निर्माता. नटाचे पैसे वाचवायला मेजरचं काम त्यानं स्वतःच केलं, आणि तेव्हापासून सगळे त्याला मेजरच म्हणायला लागले.

सिनेमाची गोष्ट मात्र त्याची नव्हती. चित्रीकरण झालं त्या ओस पडलेल्या तळावर एक कारकून होता, त्यानं लिहिलेली. सिनेमाच्या पाटीवर लेखक म्हणून आपलं नाव हवं म्हणून तो अडून बसला. मेजर गोड बोलला. ओठात एक, पोटात एक. नाव देतो म्हणाला, वर मरणाऱ्या शिपायाचं कामही दिलं. बंदुकीत नुसता आवाज करणाऱ्या गोळ्या असायच्या. त्या दिवशी एक खरी निघाली. बंदूक झाडली दुसऱ्यानं, भरली होती मेजरनं. कारकून खरोखर मेला, कॅमेरा चालू असताना, मेजर त्याच्यावर वाकलेला असताना. आणि हा पठ्ठ्या थांबला नाही. ठरलेला संवाद म्हणून मोकळा झाला. चौकशीत अपघात ठरला, गोष्टीखाली नाव लागलं मेजरचं, आणि तोच तुकडा सिनेमात राहिला.

आवाज नंतर भरायचा होता. दाजींच्या हातात वाक्य आलं: "अंधार होता. चेहरा दिसला नाही." म्हणून बघा. ओठ एकदाही मिटत नाहीत. पडद्यावरच्या मरणाऱ्या माणसाचे ओठ चार वेळा मिटत होते. दाजींचा जन्म ओठ वाचण्यात गेलेला. तो काय बोलतोय ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं. तरी त्यांनी हातातलं वाक्य म्हटलं. घरात तान्हं मूल होतं, आणि मेजरकडे कामं होती.

सिनेमा लागल्यावर कारकुनाची आई दाजींच्या दारात आली. बहिरी होती ती. तीही ओठ वाचायची. म्हणाली, "माझा मुलगा हे बोलत नाही. त्याचं तोंड त्याला परत कर." दाजींनी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. पस्तीस वर्षं त्यांनी हे बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

तर ती रात्र. स्टुडिओत काचेपलीकडे आवाज नोंदणारी बाई, तिच्यामागे खुर्चीत मेजर, वय अठ्ठ्याहत्तर. अलीकडे दाजी एकटे, समोर पडदा. नऊ चाळीसला त्यांनी वाक्य म्हटलं. बाईनं ऐकून पाहिलं, तर काहीच उतरलं नव्हतं. तिनं तारा तपासल्या. दुसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा काही नाही. मेजर वैतागला, म्हातारा झालास का म्हणाला, एक वाक्य धड येईना.

तिसऱ्यांदा दाजींनी तोंड उघडलं...

आवाज फुटेना.

पडद्यावरचा शिपाई पस्तीस वर्षं मेजरच्या तोंडाकडे बघत मरत होता. आता त्याची मान वळलेली होती. तो काचेकडे बघत होता. काचेपलीकडच्या खुर्चीकडे.

ओठ मिटले. उघडले. पुन्हा मिटले. दाजींचे ओठही हलत होते... त्याच्याबरोबर. दाजी हलवत नव्हते.

आणि आवाज आला. दाजींचा नव्हे.

"मेजर, गोळी तू बदललीस. मी बघितलं."

मेजर उठला. "बंद कर."

बाईनं प्लग ओढला. दिवे गेले. पडदा चालूच.

"मेजर, गोळी तू बदललीस. मी बघितलं."

बाई भिंतीला चिकटली. मेजर काचेवर हात आपटत होता. तोंड उघडं. शब्द नाही.

मग आला.

"अंधार होता," मेजर म्हणाला. "चेहरा दिसला नाही."

पडदा विझला.

मेजर इस्पितळात अकरा दिवस होता. खोलीत लख्ख उजेड. पाणी हवं का विचारलं, तर म्हणे, अंधार होता, चेहरा दिसला नाही. मुलगी रडत समोर उभी राहिली, तिलाही तेच. बाईनं सांगितलं म्हणून पोलीस आले, गोळी कुणी बदलली विचारलं. तेच वाक्य. बाराव्या दिवशी गेला. मला त्याची दया आली नाही, खरं सांगतो. दाजींची आली, पण थोडी कमीच. त्यांचा आवाज त्या रात्रीपासून गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी मला वहीत लिहून दाखवलं, आणि ती बाईही तंतोतंत हेच सांगते.

आता तुमच्या मोबाइलचं. हा सिनेमा दाजींच्या जुन्या टेपवरून मीच उतरवून घेतला होता, त्या रात्रीच्या पाच वर्षं आधी. दाजींचं वाक्य त्यात होतं. ओठ हलत होते. मी कितीदा तरी पाहिलंय, ऐकलंय. त्यानंतर कुणी त्याला हात लावलेला नाही.

लाव तो तुकडा पुन्हा. आवाज वाढव.

बघ... झोपल्यासारखा पडलाय. त्याचं सांगून झालंय.