तान्ह्या दंडाचा फोटो

जानेवारी सरता सरता आइसलंडमधल्या ईसाफ्योर्दूर गावाला ऊन परत येतं. दोन महिने डोंगरामागे दडून बसलेला सूर्य त्या दिवशी घटकाभर खिंडीतून डोकावतो, खाडीचं पाणी उजळतं आणि घराघरांतून पातळ, गोड धिरड्यांचा वास सुटतो. साल्वरच्या तव्यावरही त्या दुपारी धिरडी पडत होती. तिची तीन महिन्यांची मुलगी मागच्या दारी, बर्फ झाडून मोकळ्या केलेल्या पायरीशी, बाबागाडीत झोपली होती. गार हवेत मुलं गाढ झोपतात. इथं सगळ्यांचीच अशी बाहेर झोपतात. अंगात लोकर, वर पिसांची रजई, आणि रडली तर ऐकू यावं म्हणून स्वयंपाकघराची खिडकी किंचित उघडी.

ती रडली नाही. आज जरा जास्तच झोपली म्हणून साल्वर हात पुसत बाहेर गेली. तिला उचललं तर डावा हात खांद्यापासून तसाच लोंबत राहिला, कपड्यात हातच नसावा तसा. दुसरं एखादं बाळ किंचाळलं असतं. ही नुसती टक लावून आईकडे बघत होती.

नवरा, बिर्किर, खाडीतल्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यांवर गेला होता. त्याचा फोन लागेना. साल्वरने निरोप ठेवला आणि बाळाला तशीच छातीशी धरून गाडी काढली.

दवाखान्यातला डॉक्टर नवा होता, कोवळा. त्याने बाळाचा दंड दोन बोटांनी चाचपला.

"हाड मोडलेलं असू शकतं. फोटो काढू. पडली होती?"

"नाही."

"कुणी हाताला धरून ओढलं, उचलताना वगैरे?"

"मीच उचलते तिला. दुसरं कोण आहे?"

त्याची नजर क्षणभर साल्वरच्या हातांवर थांबली. असे प्रश्न कशासाठी विचारतात आणि पुढे कुणाकुणाला कळवतात, ते तिला ठाऊक होतं. तरी तिला वाटत होतं ते एकच. बाळाला दुखत असेल, आणि ते सांगता येत नसेल.

एक्स-रेच्या खोलीत थोरगुन्नूर होती. साल्वरच्या आईची मैत्रीण, जाडजूड, ओठांना धिरड्यावरची साखर लागलेली.

"ये गं. घाबरण्यात अगदी आईवर गेलीस. ती दात दाखवायला आली तरी बाहेर बसलेल्यांचा निरोप घेऊन आत जायची."

साल्वर हसली नाही. थोरगुन्नूरने तिच्या गळ्यात शिशाचा जड एप्रन अडकवला, बाळाला थंड फळीवर निजवलं, अंगावर वाळूच्या लहान पिशव्या ठेवल्या.

"कोपराजवळ धर. बोटं लांब ठेव, नाहीतर तुझाच फोटो यायचा. नाव काय ठेवलं?"

"बारशापर्यंत सांगायचं नाही ना. आम्ही ठमी म्हणतो."

"बरं. ठमे, हलू नकोस."

ठमी हलली नाही. मुळीच नाही. थोरगुन्नूर काचेमागे गेली, यंत्र गुणगुणलं आणि थांबलं.

"गुणी आहे हो," काचेमागून आवाज आला. मग थोडं थांबून, "हे काय, सकाळच्या म्हाताऱ्याचा फोटो उघडला वाटतं."

साल्वरने मान वळवून काचेतून पाहिलं. पडद्यावर दंडाचं हाड होतं, पांढरं, सरळ. खाली कोपराशी दोन बोटांची हाडं डोकावत होती आणि त्यांतल्या एकावर अंगठीचं लखलखीत कडं होतं. अंगठी साल्वरची होती.

"पुन्हा काढू," थोरगुन्नूर म्हणाली. तिने ओठांवरची साखर पुसून टाकली होती.

पुन्हाही तेच आलं. तिने डॉक्टरला बोलावलं. साल्वर एप्रन उतरवून, बाळाला उचलून त्या दोघांच्या मागे उभी राहिली.

"मोडलेलं नाही ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. पण कुणालाच हायसं वाटलेलं दिसलं नाही.

"मग?"

"एवढ्या बाळाच्या हाडाची टोकं फोटोत दिसतच नाहीत. ती मऊ असतात अजून. खांद्याशी काळी, रिकामी जागा दिसायला हवी." त्याने बोट पुढे केलं आणि पडद्याला न लावताच मागे घेतलं. "इथं ती नाही."

"वाढ संपली की असं दिसतं, साल्वर," थोरगुन्नूर हळू म्हणाली. "आणि हे बघ, खांद्याशी कशी धार आलीय. ही झीज आहे. जन्मभर वल्हं मारलेल्यांची अशी असते."

हाडाची लांबी साल्वरच्या करंगळीहून थोडीशीच जास्त होती.

साल्वरने खाली पाहिलं. ओठावर दूध ओढून आलेला तोच फोड. मागे घासून विरळ झालेलं तेच जावळ. सकाळी नख लागून नाकावर उठलेला तोच ओरखडा.

"रेक्याविकला पाठवावं लागेल. उद्या विमानाने," डॉक्टर म्हणाला. "तोवर तू इथंच थांब." दोघं शेजारच्या खोलीत गेले. त्यांनी दार ओढून घेतलं.

साल्वर बाळाला मांडीवर घेऊन बसली. फोन वाजला. बिर्किर.

"कुठं आहेस तू?" तो दबक्या आवाजात बोलत होता, बाळ जवळ असलं की बोलायचा तसा.

"दवाखान्यात. निरोप नाही ऐकलास?"

"नाही. काय झालं तुला?"

"मला नाही. ठमीचा हात..."

"ठमीला काय धाड भरलीय? ही काय, माझ्या खांद्यावर आहे. घर सताड उघडं, तव्यावर कोळसा, आणि ही मागच्या दारी बाबागाडीत. नशीब मी लवकर आलो. भुकेने नुसती चवताळली होती, आता मुसमुसतेय. ऐक."

त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला.

साल्वरने ऐकलं. शेवटी श्वास अडकून उचकीसारखं तुटणारं रडणं. हजार मुलांत तिने ते ओळखलं असतं.

दुकानात परक्याचं मूल रडलं तरी तिला पान्हा फुटायचा. ती वाट पाहत राहिली.

छाती कोरडीच राहिली.

"ऐकतेस ना? ये लवकर."

मांडीवरच्या बाळाने डावा हात उचलला. सावकाश, सराईतपणे. साल्वरच्या स्वेटरची कड मुठीत धरली.

मग तोंड उघडून एक लहानसा, खरखरीत आवाज केला.

साल्वरच्या छातीत कळ आली, आणि स्वेटर दोन्ही बाजूंनी दुधाने भिजत गेला.